न्यूजरूमची पायरी चढायला हवी

(रत्नागिरीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय, विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष न्यूजरूममध्ये जाऊन पत्रकारिता कशी शिकावी. विषय सरळ आहे. पण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण मुस्लिम घरांतले आहेत, मराठीत शिकतात, मराठीत भांडतात, दिवसभर मोबाइलवर बातम्या बघतात आणि त्यातल्या निम्म्या बातम्यांवर चिडतात. म्हणून 'कसं' सांगण्याआधी 'का' यावर थोडं बोलतो.

२०२० चा एप्रिल आठवा. तुम्ही शाळेत असाल. टाळेबंदी होती आणि टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ तबलिगी जमात होती. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेतली जात होती. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं आणि छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, अशा अर्थाचं निरीक्षण न्यायालयाने निकालात नोंदवलं. निकाल आपल्या बाजूने लागला, आपण तो व्हॉट्सअॅपवर फिरवला. पण एप्रिलमध्ये ज्यांनी बातम्या पाहिल्या, त्यांतल्या कितीजणांपर्यंत ऑगस्टचा निकाल पोहोचला असेल?

आता जरा वेगळ्या बाजूने विचार करा. ज्या टेबलांवर ते मथळे तयार होत होते, तिथे मरकज म्हणजे काय, जमात चाळीस दिवसांसाठी निघते म्हणजे काय करते, हे साधं माहीत असलेलं कुणी बसलेलं असतं तर? त्याने भांडायची गरज नव्हती. "हा शब्द इथे चुकतोय, आणि या आकड्याला आधार काय?" एवढं विचारलं असतं तरी काही मथळे बदलले असते. हे विचारण्यासाठी मोर्चा लागत नाही. त्या वेळी त्या खुर्चीत कुणीतरी असावं लागतं. ते कुणीतरी तयार कसं होतं, हाच आजचा विषय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुम्ही न्यूजरूममध्ये समाजाचे वकील म्हणून जा, असं मी म्हणत नाही. प्रवक्ते प्रत्येक पक्षाकडे आणि संघटनेकडे भरपूर आहेत. न्यूजरूमला बातमीदार हवा असतो. तुम्ही फक्त 'आपल्या' बातम्या करणार असाल, तर संपादक तुम्हाला ईद आणि हजपुरतं ठेवेल आणि त्यात त्याचा फारसा दोष नसेल. तुम्हाला जिल्हा परिषद कळली पाहिजे, हापूसचा भाव कळला पाहिजे, मुंबई-गोवा महामार्गाचं टेंडर कळलं पाहिजे. मग तुमच्या मोहल्ल्याची बातमीही तुम्हाला नीट करता येईल.

हा जिल्हा बातमीदारांचा आहे

तुम्ही कुठल्या मातीत बसला आहात, हे एकदा बघा. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण', ६ जानेवारी १८३२. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत तो सगळा रत्नागिरी जिल्हाच होता. 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघायचं, एका पानावर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी. म्हणजे दोन भाषांत मासिक चालवण्याचा जो खटाटोप आज काही लोक करतात, तो मराठी पत्रकारितेच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे. आणि जांभेकर तेव्हा विशीतले होते, तुमच्याच वयाचे.

'केसरी' आणि 'मराठा' १८८१ मध्ये सुरू झाले. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. ज्यांच्याबद्दल सगळे लिहीत होते पण ज्यांना स्वतः लिहायला जागा नव्हती, त्यांनी स्वतःचं पत्र काढलं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकात काम करत होते. त्यांच्या मतांशी आपल्यातल्या अनेकांचं तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. तो वाद वेगळा. पण कोकणातला एक मुस्लिम तरुण मुंबईच्या मराठी दैनिकात जाऊन मराठी वाचकाला थेट भिडू शकतो, ही गोष्ट साठ वर्षांपूर्वी घडून गेलेली आहे. त्यामुळे "आपल्या लोकांचं हे क्षेत्र नाही" हे वाक्य निदान रत्नागिरीत तरी कुणी म्हणू नये.

वर्गात काय येत नाही

पत्रकारितेचे अभ्यासक्रम आता कमी नाहीत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे. मुंबई विद्यापीठाने २००० साली बीएमएम सुरू केलं, त्याचंच पुढे बीएएमएमसी झालं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. हे सगळं उपयोगाचं आहे. संज्ञापनाचे सिद्धांत, माध्यमांचा इतिहास, कायदे या गोष्टी वर्गातच नीट शिकता येतात.

पण पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी मिऱ्याच्या समुद्रात उतरत नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचं स्कूल सुरू केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या हातून एक वृत्तपत्र काढलं. ते कॉलेजचं भित्तिपत्रक नव्हतं. गावातल्या लोकांनी वाचायचं, चुका झाल्या तर जाब विचारायचा, असं खरं वृत्तपत्र होतं. अनुभवी संपादक वर आणि विद्यार्थी बातमीदार खाली, ही पद्धत तिथे शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. डॉक्टर जसा वॉर्डात तयार होतो, तसा बातमीदार न्यूजरूममध्ये तयार होतो.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. उत्तर प्रदेशात चित्रकूटमध्ये २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झालं. गावातल्या बायका, त्यांतल्या बऱ्याच दलित समाजातल्या, फार शिकलेल्या नसलेल्या. त्या काम करता करता बातमीदारी शिकल्या. पुढे त्यांच्यावरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळाने विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष वार्तांकन करून घेतलं, ते संपादित करून प्रसिद्ध केलं, आणि ते मराठीतही वाचायला मिळतं.

आता न्यूजरूममध्ये नेमकं काय शिकायला मिळतं ते सांगतो. जिल्ह्याच्या कार्यालयात सकाळी ठरतं, आज कोण कुठे जाणार. पोलीस, जिल्हा रुग्णालय, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद. दुपारपर्यंत प्रेसनोटांचा ढीग जमतो. प्रत्येक प्रेसनोट मान्यवरांच्या नावांनी सुरू होते आणि बातमी शेवटच्या परिच्छेदात लपलेली असते. ती उचलून वर आणणं हे पहिलं काम. संध्याकाळी पानं लागतात. तुम्ही ३५० शब्द लिहिलेत, तेवढ्यात जाहिरात येते आणि उपसंपादक म्हणतो, १२० शब्दांत कर. त्या दहा मिनिटांत तुम्हाला कळतं, आपल्या बातमीतलं हाड कुठलं आणि चरबी कुठली.

आणखी एक शिकता. नाव. माणसाचं नाव चुकीचं छापलं तर तो माणूस ते जन्मभर विसरत नाही. मराठी वृत्तपत्रांत मुस्लिम नावांची काय दशा होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मोहरमच्या 'हार्दिक शुभेच्छा' तर दरवर्षी कुठे ना कुठे दिसतातच. यात बहुतेक वेळा द्वेष नसतो, माहिती नसते. डेस्कवर बसलेला एक माणूस या गोष्टी आठवड्याभरात थांबवू शकतो.

शहानिशा ही आपलीच परंपरा

या व्यवसायात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर शहानिशा. त्याचा एक जुना धडा इथल्याच माणसाच्या नावावर आहे. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा'ने मजकूर छापला. त्याचा आधार असलेली पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चांगला होता. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. पण कागद खोटा होता. हेतू चांगला असला म्हणून कागद खरा होत नाही. ही गोष्ट प्रत्येक पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे.

आणि आपल्यासाठी तर हे परकं नाही. बातमी आली तर आधी तपासा, असा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे, तो तुम्ही जुम्याच्या बयानात ऐकलेला असेल. हदीस जमा करणाऱ्यांनी काय केलं? कोणी कोणाकडून ऐकलं, तो माणूस विश्वासाचा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ते दोघे एकमेकांना भेटले असतील का, अशी साखळी तपासली. तिला इस्नाद म्हणतात. आज न्यूजरूममध्ये संपादक विचारतो, "सोर्स कोण?", तो हाच प्रश्न आहे. ज्या समाजाकडे ही शिस्त आहे, त्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये 'जास्तीत जास्त शेअर करा' असा मजकूर बिनधास्त फिरतो, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

राजापूरचं उदाहरण घ्या. मार्च २०२५ मध्ये शिमग्याची मिरवणूक, जामा मशिदीचा दरवाजा, मिरवणुकीतलं ते लांब लाकूड आणि काही सेकंदांचा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी देशभर दोन गोष्टी फिरत होत्या. एक, मशिदीवर हल्ला झाला. दुसरी, काहीच झालं नाही, ही तर परंपरा आहे. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं आणि गुन्हाही नोंदवला गेला. आता तुम्ही बातमीदार आहात असं समजा. तुम्ही काय कराल? मिरवणूक दरवर्षी कोणत्या वाटेने जाते, मशिदीच्या पायऱ्यांशी काय प्रथा आहे, ती किती जुनी आहे, हे दोन्ही समाजांतल्या वयस्कर माणसांना विचाराल. यंदा वेगळं काय घडलं, घोषणा कोणी आणि कधी दिल्या, दरवाजा बंद होता का, व्हिडिओ कुठून सुरू होतो आणि कुठे तुटतो, गुन्हा कोणत्या कलमाखाली आणि कोणावर, हे बघाल. एवढं केल्यावर जी बातमी तयार होईल, ती दोन्ही बाजूंच्या फॉरवर्डपेक्षा वेगळी असेल. कदाचित दोन्ही बाजू तुमच्यावर नाराज होतील. पण राजापूरच्या माणसाला ती वाचून वाटेल, हो, हे आमच्या गावातलं आहे. दिल्लीत बसलेल्या अँकरला ही बातमी करता येत नाही. ती तुम्हालाच करता येते.

कागद मागायला शिका

न्यूजरूममधला जुना माणूस तुम्हाला आणखी एक सवय लावतो. ती म्हणजे कागद मागण्याची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. माणसं वाहून गेली, घरं गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांमुळे धरण फुटलं. ते वाक्य इतकं गाजलं की आजही लोकांना तिवरे म्हटलं की खेकडे आठवतात. पण बातमीदाराला आठवलं पाहिजे ते वेगळंच. गळतीबद्दल आम्ही आधीच कळवलं होतं, असं गावकरी सांगत होते. मग ती तक्रार कोणत्या तारखेची? कोणाच्या टेबलावर किती दिवस होती? दुरुस्तीवर पैसे खर्च झाले का, बिल कोणाचं निघालं? खेकडे ही हेडलाइन झाली. तक्रारीची तारीख ही बातमी आहे.

१६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. तिथेही हेच प्रश्न. काम कोणाचं, तपासणी कोणी केली, आधीचा अहवाल काय सांगतो? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, नाही दिलं तर पहिलं अपील. यासाठी पत्रकार असावं लागत नाही, पदवी लागत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाला हा अर्ज आज लिहिता येतो. आपापल्या गावातल्या शाळेच्या छपराबद्दल, साकवाबद्दल, आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदांबद्दल.

आणि अशा किती बातम्या तुमच्या घरात आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मिरकरवाड्याच्या खलाशाच्या घरात चूल कशी पेटते? पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादात मासळी विकणाऱ्या बाईचं काय होतं? १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगाफ भागातल्या इमारतीला आग लागून ४० हून अधिक भारतीय कामगार गेले, त्या दिवशी कोकणातल्या किती घरांतून फोन लागत नव्हते? आखातातून परत आलेला पन्नाशीचा माणूस गावात काय करतो? या गोष्टी मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेल्या बातमीदाराला सापडत नाहीत. तुम्हाला त्या जेवताना ऐकू येतात. फक्त त्यांची बातमी करण्याचं तंत्र शिकायचं राहिलंय.

१२० तासांचं काय कराल

नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव अभ्यासक्रमातच आला आहे. चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. बरेच विद्यार्थी काय करतात? ओळखीच्या कार्यालयातून प्रमाणपत्र आणतात, फाइल लावतात, विषय संपला. असं करू नका. हे १२० तास पुन्हा मिळत नाहीत.

माझी सूचना अशी. पहिले ३० तास डेस्कवर घाला. प्रेसनोट पुन्हा लिहा, प्रूफं वाचा, मथळे करून बघा, तुमचा कोणता मथळा का बदलला ते विचारा. दुसरे ३० तास ज्येष्ठ बातमीदाराच्या मागे फिरा आणि तोंड कमी उघडा. तो अधिकाऱ्याला प्रश्न कोणत्या क्रमाने विचारतो, नकोसा प्रश्न कधी काढतो, चहा कधी नाकारतो, हे बघा. तिसऱ्या ३० तासांत स्वतःच्या दोन बातम्या करा. त्यातली एक तुमच्या समाजाशी अजिबात संबंध नसलेली हवी. शेवटच्या ३० तासांत त्याच बातम्यांचा पाठपुरावा करा, एखादीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करा. छापून आलेली बातमी संपलेली नसते, हे त्यातून कळेल.

जाण्याआधी संस्थेकडून तीन गोष्टी मागून घ्या. रुजू झाल्याचं पत्र, तुमची जबाबदारी घेणाऱ्या एका वरिष्ठाचं नाव आणि तुमच्या कामावर लेखी शेरा. आणि हेही लक्षात ठेवा, पुरवणीसाठी जाहिराती गोळा करणं हे प्रशिक्षण नव्हे. तसं काम सांगितलं तर कॉलेजच्या मार्गदर्शकांना सांगा. क्रेडिटचे तास संपल्यावर फुकट राबवून घेतलं जात असेल, तर नम्रपणे उठून या.

थोडा कायदाही पाठ करून जा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नाव न छापता गाव, शाळा, वडिलांचा धंदा छापला, तरी ओळख उघड होतेच. अब्रुनुकसानी आता कलम ३५६ मध्ये आहे. इन्स्टाग्रामवर पेज चालवणाऱ्यांनाही हे सगळं लागू होतं.

मुलींसाठी वेगळं सांगतो. आज या सभागृहात मुली जास्त आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पहिल्याच दिवशी विचारा, समिती कुठे आहे. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि पालकांना माझी विनंती, मुलीला इंजिनिअरिंगसाठी पनवेलला पाठवता, तर एका महिन्यासाठी न्यूजरूममध्येही पाठवा. ज्या घरात पुरुष बातमीदाराला उंबऱ्यापर्यंतच जाता येतं, त्या घरातली बातमी तीच आणणार आहे.

भाषेबद्दल एक. तुमच्यातले काही जण उर्दू माध्यमातून आलेत आणि लिखित मराठीला घाबरतात. घाबरू नका. रोज मराठी वृत्तपत्राची एक बातमी हाताने उतरवून काढा, तीन महिन्यांत फरक दिसेल. घरात कोकणी, मदरशात उर्दू, बाजारात मराठी, कॉलेजात इंग्रजी, हे तुमचं ओझं नाही. चार प्रकारच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं हे बातमीदाराचं भांडवल आहे.

धोका आणि पैसा

दोन अवघड गोष्टी टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही.

पहिली, पैसा. जिल्हा पातळीवर पत्रकारितेत पैसा कमी आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक वेळा दुकान, बागायत किंवा शिकवणी सांभाळून बातम्या देतो. त्याच्यावर जाहिरातींचं ओझं असतं आणि त्यातूनच कोणाविरुद्ध लिहायचं नाही हेही ठरत जातं. आखातातल्या पगाराशी याची तुलना होणार नाही. म्हणून मी सगळ्यांना पत्रकार व्हा म्हणत नाही. पण उपसंपादन, भाषांतर, व्हिडिओ संपादन, आकडेवारी वाचणं, मुलाखत घेणं ही कौशल्यं न्यूजरूममध्ये लवकर येतात आणि ती इतरत्रही पोट भरतात. पुढे वकील झालात, सरकारी सेवेत गेलात, संस्था काढलीत, तरी बातमी कशी तयार होते हे कळलेला माणूस वेगळा वागतो.

दुसरी, धोका. ६ फेब्रुवारी २०२३. राजापूरजवळ महामार्गावर 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. त्यांची रिफायनरीच्या वादासंबंधी एक बातमी त्याच दिवशी छापून आली होती. ज्या व्यक्तीबद्दल ती बातमी होती, त्याच व्यक्तीची ती गाडी असल्याचं समोर आलं आणि खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला. वारिशे कुठल्या मोठ्या चॅनेलचे नव्हते. ते आपल्या तालुक्यातल्या जमिनीबद्दल, आपल्याच माणसांबद्दल लिहीत होते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा असूनही हे घडलं. म्हणून एकट्याने धाडस करू नका. कुठे जाताय ते कार्यालयात सांगून जा, धमकी आली तर त्याच दिवशी लेखी कळवा, संवेदनशील बातमी दोन-तीन जणांनी मिळून करा. न्यूजरूममध्ये शिकण्याचं हेही एक कारण आहे. तिथे तुमच्या मागे निदान एक संपादक आणि एक पत्ता असतो. फेसबुक लाइव्ह करणाऱ्या एकट्या मुलाच्या मागे कोणी नसतं.

समाजाला दोन शब्द

इथे जमातीचे आणि ट्रस्टचे काही ज्येष्ठ बसले आहेत. आपल्याकडे डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, अल्हम्दुलिल्लाह. एखाद्या मुलाला किंवा मुलीला न्यूजरूममध्ये एक महिना राहण्याचा खर्च द्या. खोलीभाडं, एसटीचा पास, डबा. यापेक्षा जास्त लागत नाही. आणि त्या बदल्यात काही मागू नका. तो मुलगा उद्या आपल्याच ट्रस्टचा हिशेब का जाहीर झाला नाही, कब्रस्तानच्या जागेचं काय झालं, असं विचारेल. विचारू द्या. माध्यमांनी निष्पक्ष असावं अशी आपली मागणी आहे ना? मग तो निष्पक्षपणा आपल्या दारातही येणार. तो दारातून परत पाठवला, तर बाहेरच्यांकडे मागायचा हक्क आपण गमावतो.

आणि इथल्या संपादकांना विनंती. या मुलांना ईदच्या पुरवणीपुरतं बोलावू नका. त्यांना पाणीटंचाईवर पाठवा, आंब्याच्या बाजारात पाठवा, जिल्हा परिषदेच्या सभेला पाठवा. त्यांची कॉपी लाल करा आणि समोर बसवून का लाल केली ते सांगा. त्यांना तेवढंच हवं आहे.

शेवटी, एक काम देऊन थांबतो. येत्या आठवड्यात तुमच्या गावातली एक गोष्ट निवडा. दुरुस्त न झालेला साकव, बंद पडलेली एसटीची फेरी, औषध नसलेलं आरोग्य केंद्र, काहीही. तीन माणसांशी बोला. त्यांत एक तक्रार करणारा, एक जबाबदार अधिकारी आणि एक ज्याचा यात काही फायदा-तोटा नाही असा. एक कागद मिळवा. मग ३०० शब्द लिहा. त्यात एकही विशेषण नको. ते घेऊन जवळच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात जा आणि म्हणा, हे वाचून चुका सांगाल का? दहापैकी सात ठिकाणी वेळ नाही म्हणतील. उरलेल्या तीन ठिकाणी तुमचं प्रशिक्षण सुरू झालेलं असेल.